गाडीतला एसी फिल्टर, कुबट वास आणि शिंका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीत येणारा वास आणि गाडीत बसल्यावर येणाऱ्या शिंका या दोन तक्रारी लोक एकत्रच सांगतात आणि गॅरेजवालाही दोन्हींवर ‘फिल्टर बदलू’ हे एकच उत्तर देतो. प्रत्यक्षात वास बहुतेक वेळा ओलाव्यातून येतो आणि शिंका बहुतेक वेळा धुळीतून. फिल्टर धुळीचा बंदोबस्त चांगला करतो, ओलाव्याचा जवळजवळ करतच नाही. खालची उत्तरं वाचताना एवढा फरक लक्षात ठेवलात तर बराच खर्च वाचेल.

केबिन फिल्टर म्हणजे नक्की कोणता? इंजिनाचा एअर फिल्टर तोच का?

नाही. इंजिनाचा एअर फिल्टर बोनेटखाली असतो आणि इंजिनात जाणारी हवा गाळतो. केबिन फिल्टर तुम्ही श्वासात घेता ती हवा गाळतो. बाहेरची हवा वायपरखालच्या जाळीतून आत शिरते, फिल्टरमधून जाते, ब्लोअरचा पंखा ती ओढून कूलिंग कॉइलवर सोडतो आणि मग ती डॅशबोर्डच्या झरोक्यांतून तुमच्या तोंडावर येते. गॅरेजमध्ये याला सर्रास ‘एसी फिल्टर’ म्हणतात, पण एसी बंद ठेवून नुसता पंखा लावलात तरी हवा त्यातूनच जाते. बिलावर नुसतं ‘एअर फिल्टर’ लिहिलेलं असेल तर कोणता बदलला हे तोंडी विचारून घ्या. इंजिनाचा बदलून दोन्ही बदलल्याचा समज होणं फार सोपं असतं.

माझ्या गाडीत तो आहे की नाही, कसं कळेल?

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. काही गाड्यांत ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायापाशी खालून काढावा लागतो, तर काहींत बोनेट उघडून काचेच्या बुडाशी असलेल्या झाकणाखाली. नेमकी जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

जुन्या आणि स्वस्त मॉडेलांत मात्र एक गंमत आहे. फिल्टरची खाच असते, पण कंपनीने पैसे वाचवायला आत फिल्टरच बसवलेला नसतो. काहींत त्या खाचेवर प्लास्टिकचा बंद तुकडा असतो आणि तो कापून फिल्टर घालता येतो. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर आधी झाकण उघडून बघा. कधी खाच रिकामी निघते, कधी आधीच्या मालकाच्या काळातला, काळा पडून कागदाचा लगदा झालेला फिल्टर निघतो.

किती दिवसांनी बदलायचा?

पुस्तिकांमध्ये साधारण १० ते २० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. धुळीच्या रस्त्यावर याच्या निम्म्या अंतराला बदला, अशीही सूचना बारीक अक्षरांत असते. ही दुसरी ओळ आपल्याकडे जवळजवळ सगळ्यांनाच लागू पडते. मेट्रोचं किंवा टॉवरचं काम चालू असलेला रस्ता, चंद्रपूरसारख्या कोळशाच्या पट्ट्यातली राख, कोकणात जांभ्याची लाल धूळ, ऊसपट्ट्यात पाचट जाळल्याचा धूर, यातलं काहीतरी प्रत्येकाच्या वाट्याला येतंच.

आकड्यापेक्षा महिना महत्त्वाचा आहे, असं माझं मत. वर्षातून एकदाच बदलणार असाल तर पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या आसपास बदला. चार महिने दमट हवा ओढून फिल्टर ओलसर झालेला असतो, त्यात अडकलेल्या पानांच्या चुऱ्यावर बुरशी धरलेली असते. शिवाय पुढचे चार महिने वर्षातली सगळ्यात वाईट हवा घेऊन येतात: आधी दिवाळीचे फटाके, मग थंडीत जमिनीलगत साचून राहणारा धूर. दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून पूजा करतोच आपण. त्याच दिवशी हे काम उरकलं की तारीख वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही. उन्हाळा संपताना, मे महिन्यात, एकदा नुसता काढून बघा. पांढऱ्याचा राखाडी झाला असेल तर चालेल. काळा असेल, घड्यांत पानं अडकली असतील किंवा नाकाजवळ नेल्यावर कुबट येत असेल तर पावसाळ्याआधीच टाकून द्या.

किलोमीटर कमी झालेत म्हणून फिल्टर ताजा आहे, असं समजू नका. झाडाखाली उभी राहणारी आणि फक्त रविवारी निघणारी गाडी या बाबतीत रोज हायवेवर धावणाऱ्या गाडीपेक्षा वाईट अवस्थेत सापडते.

झाडाखाली गाडी लावण्याचा आणि फिल्टरचा काय संबंध?

थेट संबंध आहे. वायपरखालच्या जाळीची भोकं मोठी पानं अडवतात, पण गुलमोहर, चिंच, पर्जन्यवृक्ष यांची बारीक पर्णदलं सहज आत जातात. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर नेमकी हीच झाडं जास्त. पानं आत जाऊन फिल्टरवर बसतात, पाऊस पडला की कुजतात आणि पावसाचं पाणी वाहून जाण्याची वाट बंद करतात. मग ते पाणी ड्रेनमधून खाली न जाता कधी कधी डॅशबोर्डमागून पायापाशी उतरतं. पंखा लावल्यावर खडखड किंवा फडफड ऐकू आली तर एखादं पान किंवा काडी ब्लोअरपर्यंत पोचली आहे.

गाडी धुताना बोनेट उघडून काचेच्या बुडाशी साचलेला पालापाचोळा हाताने काढा. दोन मिनिटांचं काम आहे. पाण्याचा जोरदार फवारा मारून तो आत ढकलू नका.

फिल्टर धुऊन किंवा हवा मारून परत वापरता येतो का?

पुस्तिकेत किंवा पाकिटावर ‘धुता येतो’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर धुऊ नका. साधा दिसणारा पांढरा फिल्टर हा नुसता कागद नसतो. बऱ्याच फिल्टरांमध्ये कृत्रिम धाग्यांचं न विणलेलं कापड असतं आणि त्या धाग्यांना कारखान्यात विजेचा स्थिर भार दिलेला असतो. अतिसूक्ष्म कण चाळणीसारखे अडकत नाहीत, त्या भारामुळे धाग्यांकडे खेचले जाऊन चिकटतात. साबणाने किंवा स्पिरिटने हा भार जातो. फिल्टर स्वच्छ दिसू लागतो, पण बारीक कण त्यातून आरपार जातात. कागदी असेल तर घड्या बसतात. आणि अर्धवट वाळलेला फिल्टर परत बसवणं म्हणजे बुरशीला घर बांधून देणं.

टायरवाल्याकडच्या हवेच्या पाइपने फुंकर मारण्याची पद्धत सगळीकडे दिसते. त्या दाबाने धागे फाटतात आणि डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात. फिल्टर उलटा करून हलक्या हाताने झटकणं, वरची पानं वेचणं, एवढं ठीक. झटकताना तोंडाला मास्क लावा आणि घरातल्या दमेकऱ्याला हे काम सांगू नका.

एसी लावला की पहिली दोन मिनिटं कुबट, ओल्या मोज्यासारखा वास येतो. नवा फिल्टर टाकूनही जात नाही. का?

कारण तो वास फिल्टरचा नाही, कूलिंग कॉइलचा आहे. हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि सगळ्यात जास्त पैसे याच्यावरच वाया जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एसी चालू असताना डॅशबोर्डमागची कॉइल थंडगार असते. दमट हवा तिच्यावर आपटली की पाणी सुटतं. उन्हाळ्यात गाडीखाली पाण्याचे थेंब पडतात ते हेच पाणी. गाडी बंद केली की कॉइल हळूहळू गरम होते, पण ओली राहते, आणि वर अंधार. फिल्टर नसलेल्या किंवा फाटक्या फिल्टरच्या गाडीत या ओल्या पत्र्यांवर धूळही बसलेली असते. बुरशी आणि जिवाणूंना याहून जास्त काही लागत नाही. पुढच्या वेळी पंखा लावताच साचलेली वासाची हवा आधी बाहेर येते, मग कॉइल पुन्हा थंड आणि ओली झाली की वास दबतो. पहिली दोन मिनिटं वास आणि नंतर काही नाही, ही कॉइलच्या वासाची ओळख आहे.

उपाय दोन पातळ्यांवर करायचा. पहिला फुकटचा आहे. मुक्कामाला पोचण्याआधी चार-पाच मिनिटं एसीचं बटण बंद करा, पंखा चालूच ठेवा आणि बाहेरची हवा आत येऊ द्या. कॉइल वाळते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती पूर्ण वाळणार नाही, तरी फरक पडतो. नव्या गाडीला पहिल्या दिवसापासून ही सवय लावली तर वासाची वेळ फार उशिरा येते.

दुसरा उपाय कॉइल साफ करण्याचा. यासाठी फेसाचा क्लीनर मिळतो. आधी फिल्टर काढायचा, मग ड्रेन पाइपमधून किंवा ब्लोअरच्या बाजूने नळी घालून फेस थेट कॉइलवर सोडायचा, पाकिटावर लिहिलेला वेळ थांबायचं, खाली घाण पाणी गळू द्यायचं आणि सगळं वाळल्यावर नवा फिल्टर बसवायचा. क्रम महत्त्वाचा आहे. नवा फिल्टर आधी बसवून मग फवारणी केली तर फिल्टर औषधाने भिजतो आणि कॉइलपर्यंत फारसं काही पोचत नाही. डॅशबोर्डच्या झरोक्यात सुगंधी फवारा मारणं ही तर निव्वळ फसवणूक आहे. झरोका हवेच्या वाटेच्या शेवटी येतो, कॉइल त्याच्या कितीतरी आधी.

फेसानेही वास गेला नाही तर डॅशबोर्ड उतरवून कॉइल बाहेर काढावी लागते. ते काम मोठं असतं आणि नवख्या हाताने केलं तर पुढे डॅशबोर्ड कायम करकरत राहतो. म्हणून त्या टोकाला जाण्याआधी ड्रेन पाइप तुंबलेला नाही ना, हे नक्की बघून घ्या. एसी अर्धा तास चालूनही गाडीखाली थेंबभर पाणी पडत नसेल आणि शेजारच्या सीटची मॅट ओली लागत असेल, तर पाइप तुंबला आहे.

एसी पूर्वीसारखा थंड करत नाही. गॅस भरून घ्या म्हणतात. भरू का?

आधी फिल्टर काढा आणि फिल्टरशिवाय पाच मिनिटं पंखा पूर्ण वेगाने लावून बघा. वारा एकदम वाढला तर गॅसचा काही संबंध नाही, फिल्टर चोंदला होता. वारा भरपूर आहे पण थंड नाही, असं असेल तर गॅस, कॉम्प्रेसर, कंडेन्सर याकडे बघायचं. गॅस हा पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. बंद नळ्यांतून तो फिरत राहतो आणि वर्षानुवर्षांत थोडासाच झिरपतो. दरवर्षी भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे आणि ती शोधण्याआधी गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं.

साधा, कार्बनचा आणि हेपा. कोणता घ्यावा?

साधा फिल्टर कण अडवतो: धूळ, परागकण, काजळीचा काही भाग. कार्बनच्या फिल्टरात याच कापडाबरोबर सक्रिय कोळशाचा थर असतो. त्याच्या सूक्ष्म छिद्रांत वायू आणि वासाचे रेणू धरले जातात. म्हणजे डिझेलच्या धुराचा वास, गटाराचा वास, साखर कारखान्याजवळ मळीचा वास कमी करायचा असेल तर कार्बन. शहरात रोज सिग्नलला ट्रक-बसच्या मागे उभं राहावं लागत असेल तर फरकाचे पैसे वसूल होतात. खेडेगावात मोकळ्या रस्त्यावर गाडी फिरत असेल तर साधाच घ्या आणि लवकर लवकर बदला.

कार्बनच्या दोन गोष्टी दुकानदार सांगत नाहीत. एक, कोळसा भरला की भरला. फिल्टर स्वच्छ दिसत असला तरी वास अडवणं थांबलेलं असतं. त्यामुळे तो नजरेने नाही, महिन्यांनी बदलावा लागतो. दोन, काळा रंग म्हणजे कार्बन नव्हे. स्वस्त नकली मालात करडं कापड असतं आणि कोळसा नावापुरता. एकाच गाडीचे दोन फिल्टर हातात घेऊन बघा: कार्बनवाला जड लागायला हवा.

हेपा हा शब्द सध्या पाकिटांवर सढळ हाताने छापला जातो. खऱ्या हेपा प्रतीला ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांपैकी ९९.९७ टक्के अडवावे लागतात. एवढं घट्ट कापड गाडीच्या छोट्या खाचेत बसवलं तर साध्या ब्लोअरला हवा ओढणं जड जातं. ज्या गाडीची रचनाच त्यासाठी केली आहे तिथे ठीक. बाकीच्यांत हेपा म्हणून घेतलेला फिल्टर एकतर खरा हेपा नसतो किंवा वारा कमी करतो.

किमतीचं म्हणाल तर छोट्या गाडीचा साधा फिल्टर काहीशे रुपयांत येतो, कार्बनचा साधारण दुप्पट-तिप्पट. त्याहून महत्त्वाचं आहे ते माप. मॉडेल आणि वर्ष सांगूनच घ्या. कडेला अर्धा सेंटिमीटर फट राहिली तर हवा तीच वाट पकडते आणि फिल्टर नुसता शोभेला उरतो.

मला परागकणांची ॲलर्जी आहे. फिल्टरने शिंका थांबतील?

गाडीत असेपर्यंत बऱ्याच कमी होतील. बहुतेक परागकण १० मायक्रॉनपेक्षा मोठे असतात, बुरशीचे बीजाणू त्याहून लहान, साधारण २ मायक्रॉनपासून पुढे. ठीकठाक स्थितीतला साधा फिल्टरही परागकण चांगले अडवतो. आपल्याकडचा जुना आरोपी म्हणजे गाजर गवत, ज्याला काँग्रेस गवत म्हणतात. भारतात त्याची पहिली नोंद १९५०च्या दशकात पुण्यातच झाली. पावसाळ्यात आणि त्यानंतर रस्त्याच्या कडेला, मोकळ्या प्लॉटमध्ये ते पांढऱ्या फुलांनी भरून येतं. त्याच्या परागाने सर्दी होते आणि त्याला हात लावून काहींच्या कातडीवर पुरळही उठतं. अशा माळावर गाडी लावून काचा उघड्या ठेवल्या तर आतला फिल्टर काय करणार?

सप्तपर्णीची गोष्ट थोडी वेगळी. ऑक्टोबरपासून ती फुलते आणि संध्याकाळी अख्खी गल्ली तिच्या उग्र वासाने भरते. काहींना तो आवडतो, काहींचं डोकं दुखतं, दम्याचे काही रुग्ण त्या दिवसांत त्रास होतो म्हणतात. तिचे परागकण साध्या फिल्टरवर अडकतील, पण वास म्हणजे वायू. त्याला कार्बनच लागतो.

आता फिल्टरच्या हद्दीबाहेरचं. धुळीतले सूक्ष्म किडे, कुत्र्या-मांजराचा कोंडा, सीटमध्ये मुरलेली धूळ ही आधीच गाडीच्या आत असते. कापडी सीट आणि मॅटखालचा फोम व्हॅक्यूमने साफ केल्याशिवाय ती जात नाही. बरेच जण फिल्टर बदलतात आणि मॅट वर्षभर उचलत नाहीत. बसल्या बसल्या, एसी लावण्याआधीच शिंका सुरू होत असतील तर दोष सीट-मॅटमध्ये शोधा. पंखा लावल्यावर सुरू होत असतील तर फिल्टर आणि कॉइलमध्ये.

आणखी एक. सर्दीच्या काही गोळ्यांनी, विशेषतः जुन्या प्रकारच्या ॲलर्जीच्या गोळ्यांनी, झोप येते. अशी गोळी घेऊन खंडाळ्याचा घाट चढू नका. झोप न आणणारी गोळी कोणती हे डॉक्टरांना विचारा. छातीत घरघर होत असेल, दम लागत असेल तर गाडीच्या फिल्टरवर प्रयोग करत बसण्याआधी तपासणी करून घ्या.

बाहेरची हवा बंद करून आतलीच हवा फिरवणारं बटण कायम दाबून ठेवलं तर?

मी तसं करणार नाही. घाटात धूर ओकणाऱ्या ट्रकच्या मागे, खंबाटकीच्या बोगद्यात, कचरा जळताना किंवा दिवाळीच्या रात्री ते बटण जरूर दाबा. ‘सफर’ ही पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने उभारलेली, हवा किती खराब आहे ते सांगणारी सेवा. तिच्यावर किंवा प्रदूषण मंडळाच्या आकड्यांत हवा फारच वाईट दिसत असेल तेव्हाही दाबा. बऱ्याच गाड्यांत आतली हवासुद्धा फिल्टरमधूनच पुन्हा पुन्हा जाते, त्यामुळे बारीक कण लवकर कमी होतात. ज्या गाड्यांत फिल्टर अगदी बाहेरच्या तोंडाशी आहे त्यांत मात्र तसं होत नाही.

पण चार माणसं काचा लावून बसली की कार्बन डायऑक्साइड वाढायला लागतो. बाहेर तो दशलक्षात सव्वाचारशेच्या आसपास असतो. बंद गाडीत थोड्याच वेळात त्याच्या कितीतरी पट होतो. डोकं जड होतं, जांभया येतात आणि हायवेवर ते धोक्याचं आहे. कोणताही फिल्टर हा वायू अडवत नाही. म्हणून दर वीसेक मिनिटांनी थोडा वेळ बाहेरची हवा घ्या. पावसात तर हे बटण बंदच ठेवा, नाहीतर काचा धुकाळतात: बाहेरची हवा, एसी चालू, झोत काचेवर.

वासावरून नक्की काय बिघडलंय हे ओळखता येतं का?

बऱ्यापैकी. कुबट वासाचं वर आलंच. गोडसर, सरबतासारखा वास आणि काचेवर आतून तेलकट थर असेल तर हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून कूलंट गळतोय. तो विषारी असतो, गॅरेज गाठा. प्लास्टिक किंवा वायर जळाल्याचा वास आला तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. सडक्या अंड्यासारखा वास सायलेन्सरच्या बाजूचा असतो, किंवा जास्त चार्ज होणाऱ्या बॅटरीचा. मेलेल्या प्राण्याचा वास तर सांगायलाच नको.

पेट्रोलचा किंवा सीएनजीचा वास आला तर फिल्टरचा विचारही करू नका. थांबा, गाडी बंद करा, सगळ्यांना खाली उतरवा, सीएनजी असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि काडी-लायटर लांब ठेवा. सायलेन्सरचा धूर आत येत असेल तेही तितकंच गंभीर. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो आणि कार्बनचा फिल्टरही त्याला धरत नाही. म्हणूनच बंद जागेत इंजिन चालू ठेवून, एसी लावून गाडीत झोपायचं नाही.

आणि कोकणातून येताना डिकीत ठेवलेले सुके बोंबील? त्याला फिल्टर, कार्बन, काहीच पुरत नाही. हवाबंद डबा हाच इलाज.

उंदरांनी फिल्टर कुरतडला. आता काय?

पावसाळ्यात आणि थंडीत सोसायटीच्या तळघरातल्या गाड्यांत हे नेहमीचं आहे. फिल्टरचं कापड त्यांना घरट्यासाठी आवडतं, हवेची वाट उबदार असते. फिल्टरवर लेंड्या, धान्याची टरफलं, कापसासारखा चुरा दिसला तर कोरड्या झाडूने झाडू नका आणि पंखाही लावू नका. हातमोजे आणि मास्क घाला, जंतुनाशकाचं पाणी शिंपडून थोडा वेळ थांबा, मग ओल्या कागदाने उचला. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. असा फिल्टर झटकून परत बसवायचा नसतोच.

पुढच्या वेळेसाठी बाहेरच्या हवेच्या तोंडावर स्टीलची बारीक जाळी बसवून घ्या; कितीतरी गॅरेजवाले हे करून देतात. गाडीत वडापावचा कागद, बिस्किटाचा पुडा ठेवू नका. बोनेटखाली तंबाखूची पानं बांधणाऱ्यांचा त्यावर फार विश्वास असतो. माझा जाळीवर जास्त आहे.

मग तोवर परफ्यूम, अगरबत्ती किंवा डांबरगोळ्या ठेवल्या तर?

वासावर वास चढवण्याने घाण तशीच राहते आणि दमा असलेल्याला दोन्ही वास सोसावे लागतात. डॅशबोर्डवरच्या देवापुढे सकाळी उदबत्ती लावून काचा बंद करण्याची पद्धत बऱ्याच टॅक्सींत आहे. त्या धुराचे कण आतल्या छतावर आणि कॉइलवर बसतात. श्रद्धेला धक्का न लावता उदबत्ती गाडीबाहेर ओवाळता येते. डांबरगोळ्या गाडीत अजिबात नकोत. उन्हात तापलेल्या गाडीत त्यांची वाफ दाट होते आणि जी-सिक्स-पीडी या घटकाची कमतरता असलेल्या मुलांच्या रक्तपेशी तिने फुटू शकतात. ओझोन सोडणारी यंत्रंही दमेकऱ्याच्या गाडीत नकोत, तो वायू फुप्फुसाला झोंबतो. दाबाखाली भरलेले सुगंधी डबे उन्हात गाडीत ठेवणं वेगळ्या कारणाने धोक्याचं आहे: ते फुटतात.

घरच्या घरी कसा बदलायचा?

ग्लोव्ह बॉक्समागे असेल तर दहा मिनिटांचं काम आहे. इंजिन बंद करा आणि कप्पा रिकामा करा. बऱ्याच गाड्यांत कप्प्याच्या एका बाजूला छोटी दोरी किंवा दांडी असते, ती आधी सोडवा. मग दोन्ही बाजूंच्या भिंती आत दाबल्या की कप्पा खाली लोंबतो. मागे आडवं, लांबट प्लास्टिकचं झाकण दिसेल. त्याची कुलपं दाबून ते काढा आणि फिल्टर सरळ ओढा. पानं असलेली बाजू वर राहील असा ओढा, तिरका केलात तर सगळा चुरा ब्लोअरमध्ये पडतो.

मोबाइलच्या उजेडात आतली खोबण बघा, व्हॅक्यूम असेल तर फिरवा. नव्या फिल्टरच्या कडेला बाण असतो; तो हवा वाहण्याची दिशा दाखवतो आणि बऱ्याच गाड्यांत खाली तोंड करून येतो. काढताना जुन्याचा बाण कुठे होता त्याचा फोटो काढून ठेवलात तर डोकं खाजवावं लागत नाही. मात्र आधीच्या फिटरने उलटा बसवला असण्याचीही शक्यता असते, तेव्हा पुस्तिकेशी ताडून बघा. फिल्टरच्या कडेवर तारीख आणि किलोमीटर पेनाने लिहा.

झाकण बसवताना जोर लावावा लागत असेल तर फिल्टर वाकडा बसलाय. काढा, पुन्हा बसवा.

सर्व्हिसिंगच्या बिलात फिल्टर दरवेळी असतो. खरंच बदलतात का, कसं समजेल?

जुना फिल्टर परत मागा. गाडी देतानाच जॉब कार्डवर ‘जुने पार्ट परत हवेत’ असं लिहून घ्या. आणि वर सांगितलं तसं कडेवर तारीख टाकलेली असेल तर वादच उरत नाही. एक खूणही लक्षात ठेवा: फिल्टरचे आणि तो बदलण्याच्या मजुरीचे पैसे वेगवेगळे लावलेले असतील आणि मजुरी फिल्टरइतकीच असेल, तर घरच्या घरी बदलण्याचं वरचं उत्तर पुन्हा वाचा.

गाडी पाण्यात उभी राहिली होती. फिल्टर वाळवून चालेल?

पाणी पायापर्यंतच आलं असेल तर फिल्टर वाचलेला असू शकतो, पण गालिच्याखालचा जाड फोम वरून कोरडा लागूनही आतून आठवडेच्या आठवडे ओला राहतो आणि वास तिथून येतो. सीट काढून गालिचा उचलावा लागेल, उन्हात वाळवावा लागेल. पाणी डॅशबोर्डपर्यंत गेलं असेल तर पंखा चालूच करू नका. गटाराच्या पाण्याने भिजलेला फिल्टर फेकायचा, ब्लोअर आणि कॉइल धुऊन घ्यायची आणि त्यानंतरच नवा बसवायचा. विम्याचा दावा करणार असाल तर काहीही काढण्याआधी कंपनीला कळवून फोटो घ्या.

इलेक्ट्रिक गाडीत हा फिल्टर असतो का?

असतो. इंजिनाचा एअर फिल्टर नसतो, केबिनचा असतो आणि कूलिंग कॉइलही असते. म्हणजे वास येण्याची सगळी सोय तिच्यातही आहे.

जुना फिल्टर कुठे टाकायचा?

पिशवीत घालून तोंड बांधून सुक्या कचऱ्यात. उंदराने घाण केलेला असेल तर दोन पिशव्यांत घाला आणि सफाई कर्मचाऱ्याला सांगून द्या. बाल्कनीत झटकू नका, खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतात.